भावाभावातला कागद

मिठाच्या बरणीत हात घातला आणि बाळारामला पुन्हा ते पत्र आठवलं. सुयोगचं. जानेवारीत आलेलं, उत्तर न दिलेलं.

"बाबा, किती घेताय? खारट होईल," चांदणी म्हणाली. "चिमटीत येईल तेवढंच. मग चाखून बघायचं."

त्याने मूठ सैल केली. मीठ बरणीत परत पडलं. मिठागराच्या कचेरीत त्याची सगळी हयात गेली, मिठाच्या गोण्यांच्या पावत्या फाडण्यात. पण एवढ्याशा डाळीला मीठ किती लागतं हे म्हातारपणापर्यंत त्याला ठाऊक नव्हतं. बायको, पुष्पलता, होती तोवर ठाऊक असण्याची गरज नव्हती. ती गेली तेव्हा चांदणी हाताशी आली होती.

दहावीची परीक्षा संपल्यापासून चांदणीने हे नवीन काढलं होतं. आधी भात. मग पिठलं. मग फोनवरून गॅसचा नंबर कसा लावायचा ते. सुट्टीत पोरीचा वेळ जात नसेल, असं समजून बाळारामही शाळकरी मुलासारखा ऐकत होता. भातात पाणी किती, तर बोटाचं पहिलं पेर बुडेल एवढं. त्याने ते एका चिठ्ठीवर लिहून ओट्याच्या वरती चिकटवलंही होतं आणि त्यावरून ती पोट धरून हसली होती.

सुयोगचं पत्र त्याने कुठे दडवलं नव्हतं. तो जे पुस्तक वाचत असे त्यात ते खुणेसाठी असायचं. पुस्तक संपलं की पत्र पुढच्या पुस्तकात जायचं. असं करत ते चार महिने फिरत होतं.

सुयोग त्याचा धाकटा भाऊ, वीस वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो चड्डीत होता. बाळाराम आणि पुष्पलतानेच त्याला वाढवलं. काशीमीऱ्याच्या गॅरेजात तो ट्रकच्या इंजिनांचं काम शिकला, त्यात त्याचं नाव झालं आणि दोन वर्षांपूर्वी त्याला त्याच कामावर कॅनडाला बोलावणं आलं. बायको रसिका आणि मुलगा साहिल यांना घेऊन तो गेला. चांदणी राहिली. ती का राहिली हे तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही, कारण चांदणी बाळारामची होती.

बाळारामला मूल नव्हतं. रसिकाला साहिलच्या पाठीवर मुलगी झाली तेव्हा बारशाच्या दिवशी, भरल्या घरात, सुयोगने पाळण्यातून पोर उचलली आणि पुष्पलताच्या ओटीत घातली. "वहिनी, ही तुमची," एवढंच म्हणाला. रसिका आत जाऊन रडली आणि तोंड धुऊन पानं वाढायला आली. जेवताना कोर्टात कामाला असलेला एक पाहुणा म्हणाला होता, "दत्तकपत्र करून टाका. नोंदणी करा. पुढे लागतं." बाळारामला त्याचीच लाज वाटली. धाकट्या भावाने काळजाचा तुकडा दिला आणि आपण त्याच्याकडे सहीचा कागद मागायचा? "भावाभावात कागद कसला?" असं म्हणून त्याने पाहुण्याला आणखी एक वडा वाढला होता.

त्यामुळे जन्मदाखल्यावर, शाळेत, आधार कार्डावर ती चांदणी सुयोग भोईरच राहिली. घरात बाळाराम बाबा आणि सुयोग काका. कुणाचं काही अडलं नाही. कॅनडाचा अर्ज भरताना सुयोग कानकोंडा होऊन विचारायला आला होता, "दादा, मुलांची नावं विचारलीत. दाखल्यावर आहे म्हणजे चांदणीचं पण टाकावं लागेल. नाहीतर लपवलं असं होईल." तेव्हा बाळारामच म्हणाला होता, "टाक की. नाव टाकल्याने काय जातंय?"

आणि जानेवारीत हे पत्र. गॅरेजमालकाचा मेहुणा तिकडून सुट्टीवर आला, त्याच्या हाती दिलेलं.

'दादा, वहिनी गेली. तू एकटा किती बघशील? इथे कामाच्या परवान्यावर आलेल्या माणसाच्या मुलांना सरकारी शाळेत घेतात, फी पडत नाही. पण अठरा पूर्ण व्हायच्या आत आली तर बरं, नंतर सगळं अवघड आणि महाग. तिच्यासाठी शिक्षणाच्या परवान्याचा अर्ज करायचा म्हणतो. इथला एजंट सांगतो, मुलगी आजवर ज्याच्याकडे राहिली त्याचं नोटरी केलेलं पत्र जोडा. नाहीतर आईबाप इकडे आणि पोर तिकडे का, म्हणून अडकतं. त्याला मूळ कागद हवाय, फोनवरचा फोटो नको. काय लिहायचं तो नमुना सोबत आहे. दादा, तुझं मन नसेल तर राहू दे. मी परत विचारणार नाही.'

त्याने खरंच परत विचारलं नाही. दर रविवारी फोन यायचा. किती बर्फ पडलं, साहिलला सर्दी झाली, इकडे गावात, मुर्ध्यात, खाडीकडे कुठली नवी बिल्डिंग उभी राहतेय, सगळं बोलणं व्हायचं. शेवटी सुयोग थोडा थांबायचा. बाळारामही थांबायचा. मग सुयोग म्हणायचा, "बरं दादा, ठेवतो."

उत्तर लिहायला तो अनेकदा बसला होता. 'प्रिय सुयोग' लिहून झालं की पुढे काय लिहावं ते त्याला सुचत नसे. एवढी वाचलेली पुस्तकं, त्यातलं एक वाक्य उपयोगी पडत नव्हतं.

संध्याकाळी सुगंधा ओटीवर आली. शेजारची, पुष्पलताच्या जोडीची. हातात सुक्या बोंबलांची पुडी.

"काय रं बाळाराम, पोरीनं तुला चुलीम्होरं उभा केला म्हनं?"

"शिकतोय थोडं."

"पुष्पा असती तं पदर तोंडात घालून हासली असती. तुला पान्याचा तांब्या म्हाईत नव्हता." ती टेकली, गुडघे चोळले. "मंग? सुयोगचा कागद लिवलास का?"

बाळारामने पुस्तक मिटलं. "तुला कुणी सांगितलं?"

"आख्ख्या मुर्ध्याला म्हाईत हाय. रसिकाचा फोन माझ्या सुनेला येतो."

"चांदणीला माहिती आहे?"

सुगंधाने पुडी खाली ठेवली. "बुधवारी नि शुक्करवारी तुझ्यासाठी कालवन पाठवायचा, असा माना सांगून ठेवलाय तिनं. पैशे पन देत व्हती, मीच घेतले न्हाय. म्हनली, काकू, बाबांना मासली साफ करायला जमायची न्हाय, ती तुम्ही द्या, भात-डाळ मी शिकवतेय. मी इचारला, कवा जातेस? तं म्हनते, बाबांनी लिहिलं तर." ती उठली. "एवढी पुस्तका वाचतोस, न घरात काय चाललंय ता दिसत न्हाय तुला."

पुडी ओटीवर राहिली. बाळारामने ती आत नेऊन ठेवली तेव्हा ओट्यावरच्या चिठ्ठीकडे त्याची नजर गेली. तिच्याखाली चांदणीने आता आणखी एक चिकटवली होती. 'गॅस बंद केला का, परत बघा.' त्याने गॅस बघितला. बंद होता.

जेवायला बसल्यावर तो म्हणाला, "चांदणी, तुला जायचंय का?"

ती भात कालवत होती. कालवतच राहिली.

"आधी जेवा ना."

"सांग."

"इथे पण शिकता येईल. भाईंदरला कॉलेज आहे की."

"तसं नाही विचारलं मी."

"मी हो बोलले तर तुम्ही लगेच लिहून टाकाल," ती म्हणाली. "म्हणून बोलत नव्हते."

बाळारामने डाळ वाढून घेतली. ती त्यानेच केलेली होती, जरा अळणी झाली होती. दोघांपैकी कुणीच मीठ मागितलं नाही.

"तिकडे जागा आहे का पुरेशी?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"साहिलदादा बोलतो खोली अगदी छोटी आहे. पण खिडकीतून नदी दिसते. थंडीत ती सगळी गोठते आणि लोक वरून चालत जातात." हे सांगताना तिचा चेहरा वर आला होता. मग तिला ते जाणवलं असावं. ती ताट उचलून मोरीकडे गेली.

त्याने मनाशी म्हटलं, उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी दोघं भाईंदर पश्चिमेला गेले. बाजारात झेरॉक्स, टायपिंग आणि नोटरीचं एक चिंचोळं दुकान होतं. नोटरी वकील आत माडीवर बसायचे, खाली मिनल नावाची मुलगी टाइप करायची. तिने नमुन्याचा कागद पंख्याने उडू नये म्हणून स्टेपलरखाली ठेवला.

"बोला काका. मुलगी तुमची कोण?"

"मुलगी."

मिनलने जन्मदाखला बघितला. "यात तर फादर सुयोग भोईर आहे."

"तो माझा भाऊ."

"मग भतीजी बोला ना. पुतणी." तिने टाइप केलं. "कधीपासून तुमच्याकडे राहते? जन्मापासून टाकू?"

"जन्मापासून नको," बाळाराम म्हणाला. "बारशापासून. बारा दिवस ती तिच्या आईपाशी होती."

"बारा दिवसांनी काय फरक पडतो, काका?"

"तरी," तो म्हणाला आणि उगाच ओशाळला. "तिच्या आईचे ते बारा दिवस आहेत. ते माझ्यात नको."

मिनलने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तसं टाइप केलं. शेवटी तिने कागद काढून हातात धरला. "इंग्रजीत आहे, मराठीत सांगावं लागतं, सर ओरडतात नाहीतर. ऐका. 'ही मुलगी माझी पुतणी असून बाराव्या दिवसापासून माझ्या घरी राहिली आहे. तिने आईवडिलांकडे जाऊन शिकावे यास माझी हरकत नाही. सदर मुलीवर माझा कोणताही कायदेशीर हक्क नाही व पुढेही मी तो सांगणार नाही.' बरोबर?"

चांदणी झेरॉक्सच्या मशीनपाशी उभी होती. तिने मशीनचं झाकण उघडलं आणि मिटलं.

"ते शेवटचं," बाळाराम म्हणाला. "ते ठेवायलाच पाहिजे?"

"तेच तर मेन आहे, काका. ते काढलं तर बाकी नुसतं कौतुक राहतं." मग तिचा आवाज उतरला. "तुम्ही गोद घेतल्याचा काही कागद आहे का? तर वेगळं बनवता येईल."

"नाही. कागद नाही."

"का नाही केला?"

त्याला ते तिला समजावून सांगता आलं नसतं. पुष्पलताच्या ओटीत दुपट्यात गुंडाळलेलं ते ओझं, सुयोगची खाली गेलेली मान, पानं वाढणारी रसिका. त्या दिवशी कागद मागितला असता तर आज भांडता आलं असतं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. पण भांडायचं कुणाशी? ज्याने दिली त्याच्याशी? का नदीबद्दल सांगताना जिचा चेहरा वर येतो तिच्याशी?

"पेन द्या," तो म्हणाला.

त्याने सही केली. मिठागराच्या पावत्यांवर करायचा तशीच ती झाली, सरळ, वळणदार. वरून शिक्का मारून आलेला कागद त्याने चांदणीकडे न बघता पाकिटात घातला. मग खिशातून स्वतःच्या कागदाची घडी काढून तीही आत सरकवली. ते उत्तर पहाटे लिहिलं होतं, शेवटी तीनच ओळींचं झालं होतं.

'प्रिय सुयोग, कागद पाठवतो आहे. तिला थंडी सोसत नाही, कानाला गार वारा लागला की लगेच ताप येतो. उत्तराला उशीर झाला, रागावू नको.'

पोस्टात काउंटरवर गर्दी नव्हती. खळीच्या डबीत बोट बुडवून चांदणीने पाकीट चिकटवलं, कडा दाबून घेतल्या. काउंटरमागच्या बाईंनी ते वजनाला ठेवलं.

"कॅनडा. स्पीड पोस्ट ना? पाठवणारे कोण?"

बाळाराम काट्यावरच्या पाकिटाकडेच बघत होता. बाईंनी चांदणीकडे मान वळवली. "हे तुझे कोण?"

"बाबा," चांदणी म्हणाली. "बाळाराम भोईर लिहा."

"आणि ज्यांना चाललंय ते?"

"काका."

बाईंनी लिहून घेतलं. लेबल लावलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं. आत ते इतर टपालात कुठे गेलं, बाळारामला दिसलं नाही.

"चला बाबा," चांदणी म्हणाली. "आज सगळा स्वयंपाक तुम्ही करायचा. मी नुसती बसून बघणार."

"थांब जरा," तो म्हणाला.

एक शिपाई आला. त्याने थैली हलवून टपाल खाली बसवलं, सुतळी काढली. थैलीचं तोंड बांधून होईपर्यंत बाळाराम काउंटरला धरून उभा राहिला, आणि चांदणी त्याच्या शेजारी, खळ लागलेलं बोट हवेत तसंच धरून.