काकांचा दुसरा चष्मा

या, जरा जवळ सरका, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. डोळ्यांची गोष्ट सांगते. मोठी मजेची आहे. एका ठिकाणी जीव टांगणीला लागेल, पण घाबरू नका, देव त्या दिवशी जागा होता.

"काका, सातवा आणि आठवा उलटे लागलेत," आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या. खोलीत सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"परत?" काकांनी विचारलं.

"परत. काल चौथा-पाचवा होते."

आमची प्रयोगशाळा हिरे पारखून त्यांच्या प्रतीचा कागद देणारी. अंगठी घेणारा माणूस दुकानदाराच्या गोड बोलण्यावर नाही, आमच्या कागदावर विसंबतो. मी खिडकीवर बसायची. हिऱ्याची पुडी घ्यायची, मालकाचं नाव झाकून वर आकडा टाकायचा आणि पुडी आत द्यायची. आत काका, आमचे सगळ्यात जुने परीक्षक, रंग ठरवायचे. हिरा जितका बिनरंगी, तितकं अक्षर वरचं. एकेक अक्षर खाली उतरलं की कणभर पिवळी झाक आली समजायचं. कणभर म्हणजे किती? बादलीभर पाण्यात चहाचा एक थेंब. पांढऱ्या कागदाच्या घडीत हिरा पालथा ठेवायचा, शेजारी नमुन्याचे हिरे मांडायचे आणि वर तोंडाची वाफ सोडायची. वाफेने चमक मरते आणि खरा रंग उघडा पडतो. अक्षर मनासारखं सापडलं की काका भजनाची एक ओळ गुणगुणायचे. एकच ओळ, एकतीस वर्षं! पुढची त्यांना येत नव्हती, असा आमचा संशय होता.

रोज सकाळी मात्र त्यांचीच परीक्षा व्हायची. बारा हिरे मिसळून समोर ठेवत, ते रंगाच्या उतरत्या क्रमाने लावायचे. लागोपाठ तीन दिवस चुकलं की टेबल सुटलं, मग उरलेली नोकरी पुड्या बांधण्यात. काका एकतीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते. आज चुकण्याचा दुसरा दिवस. आणि आठ दिवसांपासून ती ओळ बंद होती, हे माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी ते खिडकीपाशी थांबले. "पुड्या बांधायला शिकवशील ना गं मला?"

"तुमच्या गाठी सुटतील," मी म्हटलं. काका हसले, पण ओठांनीच.

त्या संध्याकाळी घरी काय घडलं, ते काकूंनीच मला नंतर सांगितलं, हसून हसून डोळे पुशीत. काकू त्यांच्या पांढऱ्या कोटाला बटण लावत होत्या.

"अहो, एवढा दोरा ओवून द्या. पांढरा."

काकांनी डब्यातलं रीळ उचललं, दोरा ओवून सुई पुढे केली.

"हा पांढरा?"

"पांढराच तर."

"अहो, हा सायीच्या रंगाचा! डोळे आहेत की तिथेही मी बटणंच लावलीयत?"

एरवी काकांनी उलट टोला दिला असता. त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले. पुसायला म्हणून त्यांनी चष्मा काढला, आणि हात तसाच राहिला. डब्यात दोन रिळं होती. एक पांढरं, एक सायीचं. चष्मा लावला, दोन्ही एक. काढला, दोन वेगळी. लावला. काढला.

"सापडला!" काका एवढ्याने ओरडले, की शेजारीण दार उघडून आली.

"काय हरवलं होतं?"

"मी!" काका म्हणाले. "मीच हरवलो होतो हो!"

झालं होतं असं. लेकीला नोकरी लागली आणि आठ दिवसांपूर्वी पहिल्याच पगारात तिने बाबांना नवा चष्मा आणला. दिवसभर दिव्याखाली डोळे शिणतात म्हणून मुद्दाम निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा घातलेल्या. आता निळा अडला की सगळंच जरा पिवळट दिसतं, त्यात हिऱ्याची बारीक झाक कुठून दिसणार? पहिले काही दिवस सकाळची परीक्षा सवयीने कशीबशी निभावली, मग तीही चुकायला लागली. नवशिक्या पोरींच्या अंगावर रंगीत ओढणी दिसली की त्यांना दारातूनच परत धाडणारा हा माणूस! रंगीत कापडाची छाया हिऱ्यात उतरते, हे त्यानेच आम्हाला शिकवलेलं. पण स्वतःच्या नाकावर काय बसलंय, याचा त्याला संशयसुद्धा आला नाही. लेकीने आणलेल्या वस्तूवर कोण संशय घेईल?

तिसऱ्या दिवशी काका आले ते जुना चष्मा लावून. एक दांडी दोऱ्याने बांधलेली. बसले, बारा हिरे ओढले, वाफ सोडली. एक, दोन, तीन... सहाव्या हिऱ्यावर गुणगुणणं सुरू झालं. मी खिडकी सोडून दारात येऊन उभी राहिले, आणि मनात आलं, देवा, ही एक ओळ पुरे, पुढची नकोच. बारावा हिरा लागला. मोठ्या बाईंनी पाहिलं आणि कधी नव्हे ते टाळी वाजवली. सगळी खोली हसायला लागली.

"काका, चला, चहा माझ्याकडून!"

"चहा नंतर, बाई. आठ दिवसांत मी एकशे त्रेसष्ट हिऱ्यांना अक्षर दिलंय. सगळे परत बघायला हवेत."

हसू थांबलं. प्रत्येक हिरा दोघं पाहत, पण मत जुळलं नाही तर काकांचंच अक्षर धरायचं, असा तिथला रिवाज होता.

"काका, निम्मे कागद बाहेर गेलेत," बाई म्हणाल्या.

"मागवा."

"अहो, एका अक्षराचा फरक," शेजारच्या टेबलावरचा परीक्षक म्हणाला. "कणभर. कोणाला कळणार आहे?"

"कणभराचाच तर पगार खातो मी, बाबा."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फोन लाव. सगळ्यांना."

दोन दिवस माझा कान तापला. एकोणीस हिऱ्यांचं अक्षर बदललं. अकरा खाली आले, आठ वर गेले. नव्या प्रत्येक कागदासोबत काकांची चिठ्ठी: चूक माझी, क्षमा असावी. एका गिऱ्हाइकाच्या हिऱ्याचं अक्षर खाली आलेलं, तरी तो रागावण्याऐवजी चांगला तासभर गप्पांचा आहेर करून गेला. म्हणाला, आता ही अंगठी मी बायकोला डोळे मिटून देईन.

राहिला नवा चष्मा. लेकीला सांगायचं कसं? काकांनी तोडगा काढला. घरून निघताना नवा, आमच्या दाराशी आले की जुना. संध्याकाळी जाताना दाराशी उभं राहून पुन्हा नवा.

एकदा लेक त्यांना न्यायला आली. मी खिडकीतून पाहिलं. ती काचेच्या दाराबाहेर, आणि दाराच्या आत तिचे बाबा खिशातून नवा चष्मा काढत होते, आणि नाकावरचा दोरा बांधलेला चष्मा डबीत ठेवत होते. पोर थबकली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा ती ओठांवर बोट ठेवून हसत होती, डोळ्यांत पाणी. दोन पावलं मागे सरून ती खांबाआड उभी राहिली. बाबांचा चष्मा नीट बसेपर्यंत थांबली आणि मग लगबगीने पुढे आली.

"बाबा, किती शोभतो हो तुम्हाला हा!"

"मग! लेकीने आणलाय."

काका निवृत्त होईपर्यंत, सहा वर्षं, दोघांनी हे असंच चालवलं. एकानेही दुसऱ्याला कळू दिलं नाही.

तेवढं एक माझं मागणं आहे. कधी हिऱ्याचा कागद हातात आला आणि त्यावर रंगाचं ते एकुलतं अक्षर दिसलं, तर क्षणभर थांबा. दाराशी उभं राहून चष्मा बदलणाऱ्या आमच्या काकांची आठवण काढा.