डावा गाल

इंदुबाईंनी लवंगी मिरची देठापर्यंत चावली आणि डोळ्यांत टिपूस न आणता सुनेकडे पाहिलं.

"झोंबतच नाही वं, पूर्णिमा! हा डावा गाल तर गारच पडला."

पूर्णिमाने कडेवरच्या सृष्टीचा हात आधी मिरच्यांच्या ताटलीपासून दूर केला. पेपरातली बातमी तिनेच सासूला वाचून दाखवली होती. मिरचीतल्या तिखट द्रव्याने कर्करोगाच्या पेशींमधले दाह भडकवणारे निरोप मंदावतात म्हणे. प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवरचा आहे, माणसांवरचा नाही, हेही तिने वाचलं होतं. पण मार्केट यार्डात मिरच्यांचे देठ खुडण्यात जन्म गेलेल्या बाईने बशी सोडली आणि मिरची तेवढी धरली.

"आई, परवापासून कॅन्सरवर रेडिएशनचे लाइट घ्यायचेत. तोंडातल्या जखमेला तिखट कशाला?"

"आता कायचे लाइट? दृष्ट काढून मिरच्या जाळल्या आन् खाट नाही उठला, ठसका नाही लागला, तं काय समजतो आपण?"

"दृष्ट होती, उतरली."

"मंग? रोग ओढला मिरचीनं. आनंदले सांग, दवाखाना बंद."

पूर्णिमाचा नवरा आनंद हडपसरच्या कंपनीत अमेरिकेच्या वेळेने जागून आत झोपला होता. डॉक्टर पूर्णिमाला म्हणाले होते, "गाल बधिर वाटला तर रविवार आहे की सुट्टी, हे बघत बसू नका. सरळ घेऊन या."

"डोळे मिटा बरं, आई." सृष्टीच्या लाळेऱ्याचं ओलं टोक तिने सासूच्या गालावरून हनुवटीपर्यंत फिरवलं. "कुठे लावलं, सांगा."

"लाव तं आधी."

पूर्णिमाने लाळेरं खाली ठेवलं. गोड बोलून वेळ मारून नेण्याइतकं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं.

"आई, मिरचीने काही ओढलेलं नाही. रोग गालाच्या नसेला जाऊन भिडला असणार. म्हणून झोंबत नाही."

इंदुबाईंनी मिरच्यांची ताटली दूर सारली.

"असं सांगावं ना मंग," त्या म्हणाल्या. "पेपर काऊन वाचत बसली?"

त्यांनी स्वतःच चप्पल पायात सरकवली. आनंदला उठवू दिलं नाही.

रिक्षात सृष्टी आजीकडे झेपावली. पूर्णिमा घाईने तिला मागे ओढणार, तोच इंदुबाईंनी दोन्ही तळवे वर उचलून धरले.

"मिरचीचा हात नाही लावत, भिऊ नको. यार्डातून येऊन आनंदले असंच वाढवलं."

आणि त्यांनी कोपराने नातीला अलगद कुशीत ओढून घेतलं.