देवरावच्या इस्त्रीतली राख

गुरुवारी संध्याकाळी सदर भागातल्या आमच्या गल्लीत सायकल आत घ्यायला जागा नसायची. प्रेमिलाच्या दारात चपलांचा ढीग, ओट्यावर बायका, खिडकीचे गज धरून उभी माणसं, आणि आत पाटावर हार घातलेली वाफेची इस्त्री. हो, इस्त्रीच. देव कमी पडले होते म्हणून आता हिला हळदकुंकू लागलं होतं.

प्रेमिलाचा नवरा देवराव शहराच्या टोकाला, वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात कारकून होता. ही इस्त्री त्याच्या मावसभावानं कुवेतहून आणलेली, आणि देवराव तिला कुणाला हात लावू द्यायचा नाही. दिवाळीनंतर तो अचानक, हृदय बंद पडून गेला. तेरवीला त्याचे कपडे वाटायचे होते, आणि चुरगळलेले द्यायचे नाहीत अशी त्यांच्या घरची रीत. म्हणून प्रेमिलानं दोन दिवस इस्त्रीत पुन्हा पुन्हा पाणी भरून सगळे कपडे केले आणि शेवटी त्याची काळी पँट समोर घेतली. खालच्या भोकांतून फुस्स करून वाफ आली आणि पँटवर पांढरी राख सांडली. माणूस होता तोवर कधी पडली नव्हती. सासू बायजाबाई ओरडली, "माहा देवराव आला वं!"

बातमीच्या मागोमाग उमरेडकडच्या कुठल्याशा मठाचे शालिकराम महाराज हजर झाले. अशा लोकांना मयताच्या घराचा पत्ता पोस्टमनच्याही आधी सापडतो.

मी यमुताई. प्रेमिलाच्या शेजारी राहते आणि मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे महाराजांचं दर्शन मला भिंतीपलीकडूनही घडायचं. "बेटी, जानेवाला गया नही है! आत्मा उष्णता मागते. उष्णता दिली की भस्म देते!" मग ते इस्त्री हातात धरून काळ्या कापडावर आडवी करायचे आणि विचारायचे, "देवराव, आहेस का?" फुस्स! राख. "आईवर रागावला आहेस का?" काही नाही. "सुखी आहेस का?" फुस्स! लोक ती राख कपाळाला लावायचे, पुड्या बांधून न्यायचे. इस्त्रीत पाणी मात्र अंगणातल्या विहिरीचंच हवं, असा महाराजांचा सक्त हुकूम होता.

प्रेमिला या गर्दीत भिंतीला टेकून बसलेली असायची. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती. चहा दिला तर प्यायची, नाही दिला तर मागायची नाही. भाजी करपली तरी तशीच स्टोव्हसमोर उभी राहायची. काहीही विचारलं की म्हणायची, "हो."

तसंच "हो" तिनं महाराजांनाही म्हटलं. महाराजांचं म्हणणं, पौर्णिमेला घराला कुलूप लावून, इस्त्री, सासू आणि मुलगी घेऊन कायमचं मठात राहायला यायचं. मुलगी सुहासिनी माझ्याच वर्गात, सातवीत. तिचं नाव शाळेतून काढायचं. देवरावच्या जागी गोदामात कामाला या, असा मालकांचा निरोप आला होता, त्यांना नकार कळवायचा. हे ऐकलं आणि मला संताप आला. भीतीही वाटली, कारण या बाईला आत्ता कुणीही हाताला धरून कुठेही नेलं असतं.

पुढच्या गुरुवारी मी पुढे जाऊन बसले आणि इस्त्रीकडे न बघता महाराजांच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मुठीजवळ वाफ सोडायचं एक बटण होतं. "हो" हवं असलं की अंगठा बटणावर, "नाही" हवं असलं की बाजूला.

"महाराज, मी एक प्रश्न विचारू?" मी म्हटलं.

"बाई, आत्मा परक्याशी बोलत नाही."

"मी परकी नाही, शेजारीण आहे. माझ्याकडून साखर न्यायचा तो." लोक हसले. तेवढ्यात मी इस्त्री उचलली. "काय गा देवराव, हे महाराज खोटं बोलून राहिले का?"

आणि बटण दाबलं. फुस्स! महाराजांच्या भगव्या मांडीवर भरपूर राख पडली.

खिडकीतले लोक खो खो हसले. महाराज गरजले, "घोर पाप!" मी पुन्हा विचारलं, "पाप आहे का गा?" आणि दाबलं नाही. आता बायकाही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

पण बायजाबाई हसली नाही. ती उठून माझ्यासमोर आली.

"बटन समजलं मले. पन राख कोठून आली वं? माहा लेक दोन वर्सं ह्याच इस्त्रीनं कपडे करे, तवा एक कन नाही पडला. तो गेल्यावरच काहून पडली?"

प्रश्न चोख होता. विहिरीच्या पाण्यातला क्षार, हे मला ठाऊक होतं. पण मग आधी का नाही? मी प्रेमिलाकडे वळले.

"प्रेमिला, देवराव असताना इस्त्रीत पाणी कोण भरायचं?"

"तेच भरत."

"विहिरीचं?"

"नाही बाई. वाडीहून आनत, बाटलीत. ट्रकच्या बॅटरीत टाकतात ते." तिचा आवाज कोरडा होता. "ते गेल्यावर आनाले कोनी नव्हतं. म्हनून मी विहिरीचं टाकलं."

मला उत्तर मिळालं, पण ते आधी सगळ्यांना दाखवायचं होतं.

कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडून बाटलीभर पाणी मागवलं. स्टोव्हवर एका ताटलीत ते आटवलं, दुसरीत विहिरीचं. बॅटरीच्या पाण्याची ताटली होती तशी चकचकीत राहिली. विहिरीच्या पाण्याच्या ताटलीत पांढरा थर धरला. बायजाबाईनं तो नखानं खरवडला, बोटांत चोळला.

"हेच हाय," ती म्हणाली. "हीच राख."

"बॅटरीचं पाणी म्हणजे वाफ थंड करून केलेलं पाणी. त्यात क्षार नसतात. विहिरीच्या पाण्याची वाफ उडून जाते, क्षार इस्त्रीच्या पोटात साचतो आणि वाफेच्या जोरानं बाहेर पडतो. काकू, राख पडली ती देवराव आला म्हणून नाही. तो पाणी आणायला नव्हता, म्हणून पडली."

या गडबडीत महाराज कधी सटकले ते कुणालाच कळलं नाही. त्यांची मंतरलेली लिंबं मात्र पाटावर राहिली. ती मी प्रेमिलाला चिरायला लावली, कारण असा क्षार आंबटानं सुटतो. रस फडक्यातून गाळून थोड्या पाण्यात मिसळला, इस्त्रीत भरला, तापवली आणि अर्धा तास तशीच ठेवली. मग जुन्या फडक्यावर प्रेमिलानंच बटण दाबलं. क्षाराचे तुकडे भराभरा बाहेर आले. भोकं तिनं काडीला कापूस गुंडाळून पुसली, बॅटरीच्या पाण्यानं इस्त्री पुन्हा पुन्हा धुतली. शेवटी काळ्या कापडावर नुसती वाफ आली. कापड काळंच राहिलं.

तिनं कापड उचलून उजेडात उलटंसुलटं करून पाहिलं.

"म्हनजे ते नाहीत, बाई."

"नाही गं."

बायजाबाई हुंदके द्यायला लागली. प्रेमिला तेव्हाही रडली नाही. तिनं सासूच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आत्याबाई, उमरेडले नाही जात आपन. सोमवारी वाडीले जातो मी, गोदामात. येताना पानी घेऊन येईन."

वाचकहो, कुणी तुम्हाला अंगारा दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा, काल हे का घडत नव्हतं आणि आज काय बदललं? उत्तर प्रत्येक वेळी सुखाचं निघेल असं मी सांगणार नाही. या घरात ते दुःखाचंच निघालं. पण देवराव आपल्या माणसांसाठी काय करत होता, हे त्याच्या आईला आणि बायकोला त्या उत्तरानं सांगितलं. महाराजांच्या भस्मानं तेवढंही सांगितलं नव्हतं.