निळं पाणी

बहिरूच्या अंगाला सहा नळ्या होत्या. एक नाकात, एक हाताला सलाईनची, एक लघवीची आणि तीन पोटाला. पोटाच्या उजवीकडच्या दोन आत साचलेलं पाणी बाहेर आणायच्या, डावीकडची उलट बाहेरचं आत न्यायची. मंचरच्या त्या दवाखान्यात त्याची बायको तुकाबाई उठली की आधी नळ्या मोजायची, वाघरीच्या जाळीत कोंडलेली मेंढरं मोजावीत तशी. आठव्या दिवशी चार उरल्या होत्या. लघवीची गेली, उजवीकडची एक गेली.

झालं होतं असं, की कळंबच्या एका रानात कळप बसवला होता आणि बहिरू पेंडीचं घमेलं घेऊन उभा होता. लाल्या मेंढा धावत आला आणि त्यानं बहिरूच्या बेंबीच्या वर धडक दिली. या लाल्याला बहिरूनंच बाटलीनं दूध पाजून मोठं केलेलं. रक्त आलं नाही, नुसता लाल वळ उठला. पित्त झालंय म्हणत बहिरू दिवसभर मेंढरांमागं चालला, रात्री मात्र वाकडा झाला. दवाखान्यात त्यानं बांधावरून पडल्याचं सांगितलं. आपल्याच मेंढ्यानं पाडलं हे धनगरानं कुठल्या तोंडानं सांगायचं? डॉक्टर वैजयंतींनी तुकाबाईला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा तिनं लाल्याचं नाव घेतलं.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. जठरातून अन्न निघालं की आतड्याच्या पहिल्या वळणात येतं. ते वळण पाठीच्या मणक्याला चिकटून असतं. धडकेनं ते मणक्यावर चेपलं आणि मागच्या अंगाला फाटलं, म्हणून दिवसभर कळलंच नाही. तिथं टाके घालून वर पोटातल्याच चरबीचा पदर बसवला होता. पण पित्त आणि पाचक रस नेमके तिथूनच वाहतात. टाके धरेपर्यंत तोंडानं थेंबही द्यायचा नव्हता. जेवण डावीकडच्या नळीनं, टाक्यांच्या पुढच्या आतड्यात.

तुकाबाईनं शब्द पाळला. भेटायला येणाऱ्यांची केळी आणि शहाळी ती दारातूनच परत पाठवायची. पिंपरी पेंढारहून नणंद गोजरबाई रोज थर्मासभर चहा आणायची आणि टोमणाही.

"नवरा हाय का चोर हाय तुजा? घोटभर चहालाबी महाग केलास त्याला."

"वन्सं, टाकं उसवलं तर तुमी शिवणार हाय का?"

तो चहा तुकाबाईच प्यायची, पण बाहेरच्या बाकावर, वास आत जाऊ नये म्हणून दार ओढून.

आठव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी नाकातली नळी चिमट्यानं बंद केली आणि अर्धा पेला निळं पाणी आणलं. हे बहिरूनं प्यायचं. उजवीकडच्या नळीच्या पिशवीत निळं उतरलं, तर टाके गळताहेत, कदाचित पुन्हा पोट उघडावं लागेल. नाही उतरलं, तर उद्या सकाळी चहा.

बहिरूनं पेल्यात डोकावून पाहिलं. "मेंढरांना रंग पाठीवर लावत्यात, बाई. मला आतनं लावताय व्हय?"

"खूण तीच," डॉक्टर म्हणाल्या. "कुठं गेलं ते कळायला."

तो हळूहळू प्याला. ओठ निळे झाले. तुकाबाईनं पदरानं पुसले, पण निघाले नाहीत.

मग ती पिशवीसमोर बसली. गोजरबाईही थर्मास मांडीवर घेऊन शेजारी बसली. बऱ्याच वेळानं बहिरूनं मान वळवली.

"लाल्या खातोय का गं?"

"खातोय. तुमीच उपाशी हाय."

"त्याला इकू नका. चूक माजी व्हती, मी पेंड दावून हात मागं घेतला."

तुकाबाईनं मान हलवली, नजर मात्र पिशवीवरून काढली नाही.

संध्याकाळी डॉक्टर आल्या. त्यांनी पिशवी काढली, पाणी मोजपात्रात ओतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

पंधरा मिलिलिटर. रंग फिकट पिवळा.