सहा पिक्सेलची काळी चौकट

चिंचेने घासून लखलखीत केलेला ट्रम्पेट.

वर्सोव्यात दोरीवर वाळणारे बोंबील.

पेटीच्या तळाशी आईचं लुगडं.

मेणबत्त्यांचं न फोडलेलं पाकीट.

सहा पिक्सेल.

मित्रांनो, यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध माझ्यामुळे आहे. मी एक जुनी बॉर्डर आहे. वेबपानावर फोटोच्या चारही बाजूंनी रेघ दिसते ना, ती मी. वय चार वर्षं. आमच्यात हे म्हातारपण समजतात. पण माझी ऐट अजून गेलेली नाही, आणि ती का गेली नाही, तेच सांगणार आहे.

शून्य

माझा जन्म चारकोपमधल्या शुभाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एका बुधवारी झाला. मला लिहिलं फ्रेडाने. ती वांद्र्याच्या एका ऑफिसातून टायपिस्ट म्हणून निवृत्त झाली होती. टायपिंगचा वेग असा, की शेजारची पोरं आपलं काम सोडून तिची बोटं बघत बसायची.

तिचा नवरा रुडॉल्फ गावठाणातल्या पाच जणांच्या बँडचा मुख्य. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायला मिरवणूक जाते, तिच्या पुढे हा बँड वाजवत चालायचा. पण दोन वर्षं कुणी बोलावलं नव्हतं. जिथे लग्न होई, तिथे डीजे. शेवटी रुडॉल्फने ठरवलं, बस झालं. बोरिवलीच्या एका हॉटेलवाल्याला भिंतीवर टांगायला जुना ट्रम्पेट हवा होता. गुरुवारी संध्याकाळी तो घेऊन जाणार होता.

भिंतीवर! फ्रेडाला ते सहन होईना. वर्सोव्यात ऑलिव्हचं लग्न ठरलं होतं, म्हणून तिने ऑलिव्हच्या आईला, यव्होनला, फोन लावला.

"अगो, तुमचा बँड अजून आहे तरी का?" दोरीवर बोंबील वाळत टाकता टाकता यव्होन म्हणाली. "डीजेवाल्याने त्याचं पान पाठवलंय, पोरगी बघून खूश. तू पण पाठव ना काहीतरी. शनिवारी ठरवायचंय."

म्हणून शुभाचा क्लास. म्हणून पाच फोटो. आणि म्हणून मी. फ्रेडाने माझं नाव लिहिलं, पुढे 'सहा पिक्सेल' लिहिलं आणि चष्मा वर करून पाहिलं.

मी नव्हते.

"शुभा, हा तुझा कॉम्प्युटर माझं ऐकत नाय!"

"आंटी, तुम्ही फक्त जाडी सांगितलीत. रेघ सरळ की तुटक की ठिपक्यांची? टेलरला नुसतं 'दोन इंच' सांगून भागतं का?"

खरं होतं ते. प्रकार सांगितला नाही, तर मी नकोच आहे असं ब्राउझर समजतो. जन्मले, पण दिसले नाही. असा एक अख्खा दिवस मी काढला.

सहा, काळे

गुरुवारी फ्रेडाने 'सॉलिड' लिहिलं आणि मी दिसले. सरळ, जाड, ठसठशीत. रंग मात्र ती विसरली. मित्रांनो, रंग सांगितला नाही की मी त्या जागच्या अक्षरांचाच रंग घेते. अक्षरं काळी होती.

फ्रेडाला काय आनंद! प्रत्येक फोटोखाली तिने नाव लिहिलं, आणि तो माणूस किती वर्षं वाजवतोय तेही. 'रुडॉल्फ, १९८४ – २०२२.' पान गावठाणाच्या ग्रुपवर टाकलं, यव्होनला पाठवलं आणि घरी गेली. रुडॉल्फ ट्रम्पेट मांडीवर घेऊन ओट्यावर बसला होता. हॉटेलवाला काही आला नव्हता.

"उद्या येईल," तो म्हणाला.

चर्चच्या फळ्यावर काळ्या चौकटीत फोटो आणि खाली दोन सालं कुणाची लावतात, हे फ्रेडाला लहानपणापासून ठाऊक. तरी तिला दिसलं नाही. आपण जीव लावून केलेल्या कामात आपल्यालाच दिसत नाही.

बाकी सगळ्यांना दिसलं. शुक्रवारी सकाळपासून फोन वाजायला लागले. क्लॅरिनेटवाला रिचर्ड एकाला ओरडून सांगत होता, "कोण गेला? मी? अरे, बोंबील तळतोय मी!"

नऊ वाजता यव्होन दारात. सोबत दोन बायका, हार, मेणबत्त्यांचं पाकीट. दार उघडलं रुडॉल्फने. बनियनवर, तोंडात ब्रश.

यव्होनने छातीवर क्रूसाची खूण केली. "तू... आहेस?"

"नसायला काय झालं?"

"पाची जण काळ्या चौकटीत आहात रे! तू तर खाली, वेगळा, एकटा. मला वाटलं, चौघं जागीच गेले आणि तू हॉस्पिटलात."

त्यातही दोष माझाच. पानावर प्रत्येक फोटो एका डब्यात बसतो, आणि मी त्या डब्याच्या बाहेरच्या अंगाला वाढते. पाच डबे ओळीत नेमके बसवलेले. प्रत्येकाला दोन्हीकडून माझे सहा-सहा पिक्सेल चिकटले, तेव्हा पाचवा मावेना, म्हणून खाली पडला.

फ्रेडा आतून आली, पान पाहिलं आणि फोन हातात घेतला. "वाट लावली मी. काढून टाकते सगळं."

तिचं बोट बटणावर होतं. एक दाब, की मी संपले असते. माझ्याबरोबर बँडही.

"थांब गो!" यव्होन ओरडली. "सक्काळी सक्काळी एवढं रडवलंत, आता असंच जाऊ का मी? रुडी, तो ब्रश काढ तोंडातला. वाजव."

"आत्ता?"

"मेला नाहीस ना? मग दाखव!"

रुडॉल्फने चूळ भरली. ट्रम्पेट घरातच होता. त्याने तो उचलला आणि ओट्यावर उभं राहून उंबराच्या पाण्याची चाल धरली. पहिला सूर फाटला. दुसऱ्याला खिडक्या उघडल्या. रडत आलेल्या बायका तिथेच नाचायला लागल्या, एकीच्या हातात हार तसाच. शेजारच्या प्रत्येक फोनवर मी उघडी होते. सकाळपासून चारशे माणसं पानावर येऊन गेली होती. दोन वर्षांत एकानेही विचारपूस केली नव्हती, आणि आता चारशे!

यव्होन घामाघूम होऊन ओट्यावर टेकली. "शनिवारची वाट कशाला बघू? तुम्हीच या. आणि ती चौकट बदल गो बाई, लग्न आहे माझ्याकडे."

सहा, दुहेरी

दुपारी फ्रेडाने पेटीतून आईचं लुगडं काढलं. मरून काठ, त्यात दोन रेघा, मधे पट्टी रिकामी.

"शुभा, असं जमेल?"

"डबल लिहा आंटी. आणि रंग. रंग आधी!"

सहा पिक्सेलमध्ये दोनाची एक रेघ, दोन मोकळे, पुन्हा दोनाची रेघ. मरून. अशी नटले मी! शुभाने आणखी एक ओळ घातली: रुंदी मोजताना बॉर्डर धरूनच मोजायची. त्याबरोबर रुडॉल्फ टुणकन वर आला, चौघांच्या रांगेत. नावाखाली आता होतं, '१९८४ पासून'.

ऑलिव्हच्या मिरवणुकीत पाची जणांच्या बाह्यांवर दोन मरून पट्ट्या शिवलेल्या होत्या. माझ्याच! पुढे गोल कोपऱ्यांची फॅशन आली, सावल्यांची आली. "आंटी, ही बॉर्डर जुनाट दिसते, काढूया," असं सांगणारेही आले. फ्रेडा त्यांना चहा देते आणि वाटेला लावते. या मोसमातला एकही रविवार बँडकडे रिकामा नाही.

मित्रांनो, माझ्यासारखीला अर्धवट लिहून सोडू नका. जाडी सांगा, प्रकार सांगा, रंग सांगा. आणि ज्यांच्याभोवती मला काढायचं आहे, त्यांना काळी चौकट पडण्याआधी एकदा फोन करा. वाजवायला सांगा.

हॉटेलवाला गुरुवारी संध्याकाळी आला होता. गल्लीच्या तोंडाशी त्याने घरी निघालेल्या फ्रेडालाच पत्ता विचारला, मी तिच्या हातातल्या फोनवर होते, आणि तिने सांगितलं, "रुडॉल्फ? तो सेक्टर आठला राहायला गेला, दादा."