चेन्नईहून शिकून आलेली

"जाण्याआधी मनिषानं कुणालाच मशीन शिकवलं नाही?" केतनशेठांनी विचारलं.

विठू मान खाली घालून उभा होता. कळंबोलीच्या या कारखान्यात तो बावीस वर्षं पत्रा कापत होता. पातं बोथट झालं की नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं. तरी कॉम्प्युटरवालं नवं मशीन आलं, तेव्हा शेठनी नोकरीला जेमतेम चार वर्षं झालेल्या मनिषाला दीड महिना चेन्नईला शिकायला धाडलं. तेही विमानानं. ती परतल्यावर ऑफिसात पेढे वाटले. विठूनं आपला पेढा बाहेर नेऊन कुत्र्याला टाकला. मग तिचं हसणं, शेठचं उठसूट "मनिषाला विचारा", सगळंच त्याला टोचू लागलं.

तिनं बोलावलं होतं. "विठूकाका, दुपारी अर्धा तास या ना. तुम्हाला लगेच जमेल."

"मना नको शिकवू. तू शिकलीस ना, तूच चालव."

तीनदा विचारून तिनं नाद सोडला. आठ महिन्यांत पुण्याकडच्या एका कंपनीनं तिला जास्त पगारावर नेलं. त्या संध्याकाळी विठू घरी पापलेट घेऊन गेला.

नवं मशीन मात्र बंद पडून राहिलं. जुन्यावर माल वेळेत निघेना. महिन्याभरात दोन मोठी गिऱ्हाइकं तुटली.

"आमच्या जिवावर शिकली आणि कुणाला काही न सांगता गेली," शेठ म्हणाले. "तिचं अनुभवाचं पत्र अडवलंय मी. नव्या कंपनीलाही कळवतो."

विठूनं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"बोलावलेलं तिनं शिकवाया," तो म्हणाला. "तीनदा. मीच नाय गेलो."

"का?"

"मना नाय धाडलंत म्हनून."

शेठनी टेबलाचा खण उघडला. मग त्यांनी मनिषाच्या पत्रावर सही केली. "यापुढे कुणालाच कुठं पाठवणार नाही," एवढंच बोलले.

बाहेर येऊन विठूनं फोन लावला. तिच्या मागे मशीन सुरळीत चालल्याचा आवाज येत होता. तो ऐकूनही त्याच्या पोटात दुखलंच.

"मनिषा, ता मशीन चालू कसा करायचा, सांगशील?"

"सहाला सुटते मी, काका. सुटल्यावर करते फोन."

सहाला सगळे घरी गेले. विठूनं मशीनवरची धूळ पुसली आणि फोन मांडीवर घेऊन तो त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिला.