चार निबंधांची एकच सुरुवात

मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून विद्यापीठात भांडायला निघाले. आयुष्यात ते कधी कुणाशी भांडले नव्हते. शिकवणीच्या पोरांचे कानसुद्धा ते दुखणार नाहीत अशा बेताने पिळत. पण आता लेकीवर चोरीचा आळ आला होता. पहिल्याच वर्षी, समाजशास्त्राच्या पहिल्याच निबंधात तिला शून्य मिळालं होतं, आणि नक्कल केल्याचं ठरलं तर वर्ष वाया जाणार होतं.

मास्तरांची शिकवणी घरातल्या पुढच्या खोलीत चाले. खोलीत होतं काय, तर सतरंज्या, भिंतीला टेकवलेला फळा आणि मास्तरांची उत्तरं. ही उत्तरं म्हणजे त्यांची आयुष्यभराची कमाई. प्रत्येक विषयाची सुरुवात, मधला भाग आणि शेवट त्यांनी इतका घासूनपुसून ठेवला होता की अगदी ढ पोरगंही ते पाठ करून पास होई आणि हुशार पोरगं पहिलं येई. आईवडील घरी येऊन तोंडभरून आभार मानत. यात खोटं काही नव्हतं. माणूस जीव ओतून शिकवत होता.

लेक तर आईमागे त्यांच्याच हाताखाली वाढली. अक्षर गिरवायला लागल्यापासून लिहिलेला एकूण एक कागद तिने आधी बाबांना दाखवला होता. तसे दोघंही अबोल. बापलेकीचं जे काही बोलणं होई, ते त्या कागदांवरूनच होई. विद्यापीठाचा निबंधही तिने दाखवला आणि मास्तरांनी तो नेहमीसारखा सजवून दिला.

निबंध तपासणाऱ्या मॅडमची खोली चिंचोळी होती, पुस्तकांतून वाट काढत खुर्ची गाठावी लागली. मॅडम वयाने एवढ्या लहान की मास्तरांच्या जुन्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. त्यांनी टेबलावर चार निबंध ओळीने मांडले. चारही निबंधांची सुरुवात एकच होती: ‘शहर हा मानवी संस्कृतीचा आरसा होय.’ पुढचा परिच्छेद तोच, शेवटही तोच. कुणी कुणाचं पाहून लिहिलं, एवढंच मला शोधायचंय, असं मॅडम शांतपणे म्हणाल्या.

मास्तरांनी बाकीची तीन नावं वाचली. तिन्ही पोरं त्यांच्याच सतरंजीवर बसून मोठी झालेली. घरून पाठ करून आणलेलं भांडण घशातच राहिलं. गप्प बसावं तर लेक चोर ठरणार होती.

“यांनी एकमेकांचं पाहिलेलं नाही,” ते म्हणाले. “हे माझं आहे. चौघांनाही मीच शिकवलंय.”

मॅडम चपापल्या. मग सांभाळून बोलू लागल्या. इथे उत्तर बरोबर आहे का यापेक्षा ते मुलांनी कसं शोधलं, त्यांना स्वतःला काय वाटतं, हे आम्ही बघतो. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच ते जड जातं, यात तुमचा दोष नाही. त्या टोचून बोलल्या असत्या तर मास्तरांना काहीतरी उलट बोलता आलं असतं. त्या समजूत घालत होत्या, आणि तेच फार लागत होतं.

“नकलेचं मी मागे घेते. चौघांनी पुन्हा लिहून द्यावं,” मॅडम म्हणाल्या. “पण तुमच्या मुलीचं स्वतःचं असं यात मला एकच वाक्य सापडलं.”

त्यांनी पान उलटलं. एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, ‘हे छान. पुढे सांग.’ वाक्य होतं: ‘आमच्या गल्लीत कुणी कुणाकडे जात नाही, पण आई गेली त्या दिवशी सगळ्यांच्या खिडक्या उघड्या होत्या.’

मास्तरांनी ते वाक्य ओळखलं. कच्च्या कागदावर त्यांनी स्वतः त्यावर लाल काट मारली होती. निबंधात घरचं आणायचं नसतं, असं बजावलं होतं. पोरीने मान डोलावली होती आणि वाक्य गुपचूप ठेवून दिलं होतं. त्या दिवसाबद्दल तिला काही म्हणायचं आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी आळ मिटल्याचं तेवढं सांगितलं. त्या संध्याकाळी शिकवणी लवकर सोडली.

आठवडाभराने लेक नवा निबंध घेऊन पुढच्या खोलीत आली आणि नेहमीसारखे कागद तिने पुढे केले.

“आईचं लिहिलंय यात,” ती म्हणाली. “एकदा बघता?”

मास्तरांनी कागद हातात घेतले. त्यांना ते वाचायचे होते, आजवर कुठलाच कागद इतका वाचावासा वाटला नव्हता. पण दुसरा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेलेला त्यांच्या लक्षात आला. त्यांनी कागद न उघडताच परत केले.

“मला दाखवू नकोस. मी वाचला तर दुरुस्त करीन.”

“मग करा की, बाबा.”

“नको. तसाच दे.”

आपलं काय चुकलं ते तिला कळेना. डोळे भरून आले तशी ती तोंड फिरवून चपला घालायला गेली. मास्तर तिला हाक मारणार होते, पण हाक मारून काय सांगायचं ते त्यांना सुचलं नाही.

आई गेली त्या दिवसाबद्दल लेकीने काय लिहिलं, ते मॅडमनी वाचलं.